दारापर्यंत कापूस

गेल्या दिवाळीत पाच-सहा वर्षांनी मामाकडे जाणं झालं. मामाचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्यापासून बरंच आत. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत महिना महिना मुक्काम असायचा, आता दोन दिवस काढले तरी फार झाले असं वाटतं. असो.

पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस होता. मामी नुकतीच बाजारातून आली होती आणि पिशवी ओट्यावर उपडी करत होती. अर्धा कोबी, टमाटे, बटाटे, मिरच्या आणि सांभाराची एक जुडी. (आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात, पुणेकरांनी गोंधळू नये :) ) मी सहज म्हणालो, "मामी, घरची बारा एकर जमीन, आणि सांभारही विकत?"

"मंग काय करू बाबू? लावलं का दिवसा वांदरं येते, रात्री डुकरं येते. आन् तुया मामाले फवारणीतून फुरसत भेटते काय?"

मी गप्प बसलो. पण हात धुवायला मागच्या दारी गेलो आणि पाहतच राहिलो. पूर्वी विहिरीकडे जाताना आजीचा एक तुकडा होता. वांगी, वालाचा मांडव, कुंपणावर दोडका, कडेने अंबाडी. पाणी जायच्या पाटात आपोआप उगवलेली घोळ आणि चिवळ, तीही ती खुडून आणायची. आता त्या जागी कपाशी होती. गोठ्याच्या भिंतीपर्यंत. मागच्या दारात उभं राहून हात लांब केला असता तर फुटलेलं बोंड हाताला लागलं असतं.

आणि मला एकदम बुकर टी. वॉशिंग्टनची आठवण झाली. आता दारव्ह्याच्या कपाशीत अलाबामाचा बुकर वॉशिंग्टन कुठून आला, तर तेच सांगायला बसलोय. जरा लांबण लागेल.

अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली संपली. वॉशिंग्टन स्वतः गुलाम म्हणूनच जन्मलेला. १८८१ साली, वयाच्या पंचविशीत, त्याला अलाबामातल्या टस्कीगी नावाच्या लहानशा गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी शाळा काढायला बोलावलं गेलं. ४ जुलै १८८१ ला शाळा सुरू झाली. त्याआधी महिनाभर तो आसपासची खेडी पाहत फिरला. लोकांच्या खोपटांत राहिला, त्यांच्यातच जेवला. पुढे १९०१ साली आलेल्या 'अप फ्रॉम स्लेव्हरी' या आत्मचरित्रात त्याने या फिरतीचं वर्णन केलंय. रोजचं जेवण काय, तर मक्याची भाकरी आणि डुकराची चरबी. कुठे कुठे मक्याची भाकरी आणि नुसत्या पाण्यात उकडलेली चवळी. एका घरात जेवायला बसले पाच जण आणि काटा एकच. आणि त्याच खोलीच्या कोपऱ्यात हप्त्याने घेतलेला साठ डॉलरचा ऑर्गन! (आपल्याकडे काय, घरात संडास नाही पण डिश अँटेना आहे, हे वाक्य शहरातल्या लोकांच्या तोंडी किती वेळा ऐकलंय.) त्याला सगळ्यात खटकलं ते हे, की ते पीठ आणि ते मांससुद्धा ही माणसं गावातल्या दुकानातून चढ्या भावाने आणत होती. खोपटाभोवतीच्या जमिनीत सगळ्या भाज्या आल्या असत्या. पण त्यांना कापसाशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं, कापूस थेट दारापर्यंत लावलेला होता.

दारापर्यंत. माझ्या डोक्यात बसलं होतं ते हे.

वाचताना कुणालाही वाटेल की या लोकांना फक्त शिकवायला हवं होतं. भाजी लावा, कोंबड्या पाळा, झालं. वॉशिंग्टनला तसंच वाटलं आणि बऱ्याच अंशी त्याची सगळी संस्था त्या वाटण्यावर उभी राहिली. पण दोनच वर्षांनी, १९०३ साली, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइसचं 'द सोल्स ऑफ ब्लॅक फोक' आलं. त्यात जॉर्जियातल्या कापूसपट्ट्यावर एक प्रकरण आहे. ड्यू बॉइस हार्वर्डचा डॉक्टरेट, समाजशास्त्रज्ञ, वॉशिंग्टनचा कडवा टीकाकार. तोच कापूस, तीच खोपटं, तेच खाणं. पण त्याने दुकानदाराची वही उघडून दाखवली.

ती वही अशी चालायची. गुलामगिरी गेली, पण जमीन मालकाचीच राहिली. सुटलेल्या माणसाकडे ना जमीन, ना खेचर, ना बी. मग तो मालकाची जमीन बटाईने करायचा. पेरणीपासून वेचणीपर्यंत खायचं काय? ते दुकानदार उधारीवर देणार. मक्याचं पीठ, चरबी, काकवी. रोखीच्या भावापेक्षा उधारीचा भाव जास्त, वर व्याज. तारण म्हणून शेतात उभं असलेलं पीक. आणि तारण कशाचं चालणार, तर कापसाचं. कापूस कधीही विकला जातो, टिकतो, आणि मुख्य म्हणजे कुळ तो रात्रीतून खाऊन टाकू शकत नाही. वांग्यावर कोण कर्ज देणार? हंगामाच्या शेवटी हिशेब व्हायचा आणि बहुतेक वेळा कुळाकडेच बाकी निघायची. ड्यू बॉइसने सरळ लिहिलं की या व्यवस्थेत कुळाला वेगवेगळी पिकं घ्यायला सांगून उपयोग नाही, ते त्याच्या हातातच नाही.

म्हणजे कापूस दारापर्यंत आला तो अडाणीपणामुळे नाही. तो कर्जाने आणला.

या खाण्याचा हिशेब शरीरावरही निघत होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेत पेलाग्रा नावाचा रोग प्रचंड पसरला. हातापायांची, मानेची कातडी उन्हात भाजल्यासारखी काळी पडून सोलायची, जुलाब लागायचे, शेवटी माणसाला भ्रम व्हायचा. डॉक्टरांना वाटायचं जंतू असेल. जोसेफ गोल्डबर्गर या सरकारी डॉक्टरने १९१४ पासून त्याचा पाठलाग केला आणि दाखवून दिलं की हा खाण्यातल्या उणिवेचा रोग आहे. मका, चरबी आणि काकवी एवढ्यावर जगणाऱ्यांनाच तो होतो. गोल्डबर्गरचा एक सहकारी अर्थतज्ज्ञ होता, एडगर सिडनस्ट्रिकर. दोघांनी मिळून दक्षिण कॅरोलिनातल्या कापडगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघरी जाऊन कोण काय खातं, किती कमावतं, गावात भाजी-दूध मिळतं का, हे सगळं मोजलं. कापसाचे भाव पडले तेव्हा, १९२१ साली, गोल्डबर्गरने पेलाग्रा वाढणार असं आधीच बजावलं होतं. ज्या जीवनसत्त्वाची उणीव होती ते नायसिन, हे १९३७ साली कळलं.

हा रोग फक्त तिकडचा असं वाटत असेल तर थांबा. १९६० च्या सुमारास हैदराबादच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दख्खनच्या पठारावरच्या गरिबांमध्ये पेलाग्रा नोंदवला. मका न खाणाऱ्या, मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या माणसांमध्ये. ज्वारीच्या भाकरीत दोष आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. भाकरीबरोबर दुसरं काहीच नसेल तर भाकरीसुद्धा पुरत नाही.

आता कार्व्हर.

मराठी माणसाला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरची ओळख करून द्यायची म्हणजे अवघडच. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' आपल्यापैकी किती जणांनी शाळेत असताना वाचलं असेल! मला ते आठवीत बक्षीस मिळालं होतं, वक्तृत्वातलं दुसरं. मी ते मामाच्या घरीच, माळ्यावर बसून, दोन दिवसांत संपवलं. त्यानंतर कितीतरी दिवस शेंगा सोलताना टरफलं फेकायला जीव होत नसे. आपल्या सगळ्यांच्या मनात कार्व्हर म्हणजे भुईमुगापासून तीनशे वस्तू करणारा जादूगार.

मोठेपणी थोडं जास्त वाचलं तेव्हा या चित्राला तडे गेले. लिंडा मॅकमरी या इतिहासकार बाईंनी १९८१ साली लिहिलेल्या चरित्रात हे सगळं शांतपणे तपासलंय. त्या तीनशे वस्तूंपैकी बहुतेक बाजारात कधी आल्याच नाहीत. शेंगदाण्याचं लोणी, म्हणजे पीनट बटर, हा त्याचा शोध नाही, त्याची पेटंटं आधीच्यांची आहेत. दक्षिणेत भुईमूग वाढला त्यामागे बोंडातल्या सोंडकिड्याचा हात फार मोठा. (आपली बोंडअळी वेगळी, हा भुंगेरा. त्याने कापूस खाल्ला म्हणून लोक भुईमुगाकडे वळले, आणि अलाबामातल्या एंटरप्राइज गावाने १९१९ साली कृतज्ञतेने स्मारक उभारलं, ते सोंडकिड्याचं! खरंच आहे ते.) १९२१ साली कार्व्हर भुईमुगावरच्या आयातकराच्या बाजूने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बोलला आणि देशभर प्रसिद्ध झाला. आपल्याला माहीत असलेला कार्व्हर हा त्या दिवसानंतरचा.

मला भावतो तो त्याच्या आधीची पंचवीस वर्षं काम करणारा कार्व्हर.

तो १८९६ साली टस्कीगीला आला. १८९७ साली अलाबामा सरकारने तिथे प्रयोगक्षेत्र मंजूर केलं, वर्षाला दीड हजार डॉलर. गोऱ्यांच्या ऑबर्नमधल्या प्रयोगक्षेत्राला याच्या कितीतरी पट मिळायचे. दहाएक एकर जमीन, तीही झिजलेली. तिथे त्याने एक पथ्य पाळलं, एका खेचराच्या शेतकऱ्याला परवडणार नाही ते करून दाखवायचं नाही. विकतचं खत घेणं ज्याला शक्य नाही त्याच्यासाठी दलदलीतला गाळ आणि जंगलातला पाला. त्याचं पहिलं पत्रक, १८९८ सालचं, ओकच्या झाडाखाली पडणारी फळं डुकरांना कशी खाऊ घालावीत याबद्दल आहे. फुकटचं खाद्य, मालकाला विचारायची गरज नाही.

ही पत्रकं म्हणजे माझ्या मते त्याचं खरं काम. चाळीसहून जास्त काढली त्याने. आता ती सहज वाचायला मिळतात, मी दोन-तीन रात्री जागून बरीचशी वाचली. त्यांची घडण पहिल्यांदा विचित्र वाटते. सुरुवातीला पीक कसं घ्यायचं ते, शेतकऱ्यासाठी. मध्येच थोडं शास्त्र, खेड्यातल्या शिक्षकाने वर्गात सांगावं असं. आणि मग पाककृती, घरच्या बाईसाठी. १९१६ चं भुईमुगाचं प्रसिद्ध पत्रक म्हणजे लागवडीची काही पानं आणि मग खायच्या १०५ तऱ्हा. सूप, पाव, बिस्किटं. या सगळ्या कृती माझ्या आहेत असा त्याचा दावा नाही, कुठून कुठून घेतल्या ते त्याने सुरुवातीलाच सांगून टाकलंय. चवळीवर पत्रक आहे, रताळ्यावर आहे, टोमॅटोवर ११५ तऱ्हांचं आहे. रानटी आलुबुखार वाया जाऊ देऊ नका म्हणून १९०७ चं आहे. शेतकऱ्याने दिवसातून तीन वेळा चवीचं, धड जेवावं म्हणून १९१६ चं एक आहे.

शेतकरी, मास्तर, बाई. तिघं एका पत्रकात. आपल्याकडे हे तीन विभाग असतात, तीन खाती, तीन साहेब, आणि तिघांचं एकमेकांशी बोलणं नसतं. शेतीचा अधिकारी मामाशी बोलतो, अंगणवाडीची ताई मामीशी बोलते, आणि मुलांना मास्तर पुस्तकातली 'अन्नघटक' नावाची तक्ता-चित्रं दाखवतात. वरण कुठून आलं हे तिघंही सांगत नाहीत.

शाळांसाठी कार्व्हरने वेगळंही लिहिलं. १९१० चं पत्रक खेड्यातल्या शाळांमधल्या निसर्ग-अभ्यासावर आणि बागेवर आहे. त्याचं म्हणणं साधं होतं, मुलाने स्वतः बी टाकावं, स्वतः वाढवावं, आणि त्यातून बाकीचं शिकावं. टस्कीगीच्या आवारातल्या सराव-शाळेतल्या लहान मुलांची स्वतःची बाग होती. आणि पोरं काही वर्षांनी खेड्यांत मास्तर किंवा मास्तरीण होऊन जायची तेव्हा ती पद्धतही बरोबर जायची.

पण जो शाळेत येऊच शकत नाही त्याचं काय? शनिवार-रविवारी कार्व्हर खेचरगाडीत अवजारं आणि बियाणं टाकून खेड्यांत जायला लागला. यातूनच १९०६ साली चाकांवरची शाळा निघाली. मॉरिस जेसप या न्यूयॉर्कच्या सावकार-दात्याने पैसे दिले म्हणून 'जेसप वॅगन'. नांगर, बियाणं, खतं, दूध तपासायचं साधन, लोणी काढायचं यंत्र, सगळं गाडीत. पहिल्या उन्हाळ्यात महिन्याला सुमारे दोन हजार माणसांपर्यंत ती पोचत होती. नोव्हेंबर १९०६ मध्ये टस्कीगीतच शिकलेल्या थॉमस कॅम्पबेलला अमेरिकी कृषी खात्याने नेमलं, त्या खात्याचा तो पहिला कृष्णवर्णीय विस्तार अधिकारी.

कॅम्पबेलने पुढे १९३६ साली या फिरत्या शाळेवर पुस्तक लिहिलं. त्यांची रीत मला फार आवडली. भाषण नाही. एखाद्या घरी गाडी लावायची, आजूबाजूच्यांना बोलवायचं, आणि त्या घरातलं अडलेलं काम सगळ्यांनी मिळून करायचं. मोडलेल्या पायऱ्या, कोंबड्यांचं खुराडं, भिंतीला चुना. बाया आत चुलीपाशी, फळं-भाज्या डब्यांत भरून टिकवायला शिकत. १९२३ साली मोठी मोटार आली, तिच्यातून शेतीच्या माणसाबरोबर गृहशास्त्र शिकवणारी बाई आणि एक नर्सही फिरायची. ही मोटार घेण्यासाठी अलाबामाच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी स्वतः वर्गणी काढली होती. ज्यांना दुकानदाराची बाकी फिटत नव्हती त्यांनी!

आणि बायकांचं म्हणाल तर गाडीच्याही आधी सुरुवात झाली होती. वॉशिंग्टनची बायको मार्गारेट मरी वॉशिंग्टन हिने १८९२ पासून टस्कीगी गावात आयांच्या बैठका चालवल्या. शनिवारी, कारण शनिवारी खेड्यातली माणसं बाजाराला गावात यायची. पुरुष बाजारात असताना बायका पोरांना घेऊन बसायच्या. घर, मुलं, स्वयंपाक, यावर बोलणं. मामीच्या बाजाराच्या दिवशी कुणी असं काही केलं तर किती बाया येतील, असा विचार मनात आला. बहुतेक येणार नाहीत, परतीची ऑटो सुटेल :)

शाळा आणि शेत यांची जोडी पुढे आणखी पसरली. १९१२ साली सिअर्स रोबक कंपनीचा प्रमुख ज्यूलियस रोझेनवाल्ड याने वॉशिंग्टनला पैसे दिले, त्यातून टस्कीगीच्या आसपास सहा लहान शाळा झाल्या. १९३२ पर्यंत दक्षिणेत अशा जवळजवळ पाच हजार शाळा उभ्या राहिल्या. अट अशी की गावानेही आपला वाटा द्यायचा. कुणी पैसे दिले, कुणी जमीन, कुणी लाकूड, कुणी अंगमेहनत. पुढे नियम झाला की शाळेला किमान दोन एकर जागा हवी, म्हणजे मैदानाबरोबर बागही होईल.

इथपर्यंत छान वाटतं. पण मला ड्यू बॉइस सोडत नाही.

कार्व्हर आणि कॅम्पबेल यांनी जे केलं ते सगळं कर्जाच्या वहीला हात न लावता केलं. लावताच आला नसता. गोऱ्या मालकाची मर्जी नसती तर गाडी त्याच्या कुळाच्या दारी उभी राहूच शकली नसती. त्या काळात, त्या राज्यांत, वही तपासायला मागणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाचं काय होत असे ते सांगायला नको. म्हणून मग ते काय शिकवत होते, तर मालक ज्याला हात लावणार नाही त्यावर कसं जगावं. ओकची फळं, रानातला आलुबुखार, कुंपणाकडेची चवळी. कार्व्हरचं १९४२ चं, मरायच्या आदल्या वर्षीचं पत्रक आहे रानभाज्यांवर. आपल्या चाकवताचंच रोप तिकडे तण म्हणून उपटतात, ते कसं खावं हे त्यात आहे. एका बाजूने बघितलं तर केवढी माया आहे यात. दुसऱ्या बाजूने बघितलं तर पिळलेल्या माणसाला तण खायला सांगणं आहे.

मी दोन्ही बाजूंनी बऱ्याच वेळा बघितलं. मला वाटतं दोन्ही खरंच आहे. पण एक गोष्ट कार्व्हरच्या बाजूने सांगितली पाहिजे. वही बदलेपर्यंत मुलं थांबू शकत नव्हती. पेलाग्रा तर मुळीच थांबत नव्हता. आणि नायसिन हे नाव कुणाला माहीत नसताना तो ज्या भुईमुगाचा १९१६ साली हट्ट धरून बसला होता, त्यात ते नायसिन भरपूर आहे.

शाळेला शेत जोडलं की सगळं चांगलंच होतं असंही नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. आमच्या शाळेलाही (नाव घेत नाही, शाळा अजून चालू आहे) तीन एकर जमीन होती. शनिवारी 'कार्यानुभव'. म्हणजे आम्ही ओळीने बसून निंदायचं आणि सरांनी बांधावर छत्री घेऊन उभं राहायचं. गृहपाठ नसला तर शिक्षा म्हणून जास्तीची ओळ. पीक विकलं जायचं. पाच वर्षांत त्या शेतातलं एक बोर किंवा एक शेंग आमच्या तोंडात पडलेली मला आठवत नाही. शेती म्हणजे शिक्षा, एवढंच आम्ही त्यातून शिकलो, आणि चांगलं शिकलो. आमच्या वर्गातला एकही जण आता शेतात नाही.

हे जोतीराव फुल्यांनी वाचलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. कारण १८८२ साली, म्हणजे टस्कीगीची शाळा सुरू झाली त्याच्या पुढच्याच वर्षी, हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळांमध्ये शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे हवेत अशी मागणी केली होती. आणि शेतीचे धडे नुसते पुस्तकातले नकोत, लहान नमुना-शेतं जोडून, हाताने करून शिकवावेत. त्याच जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं होतं. मग १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना त्यांनी शेतकऱ्याच्या घराचं आणि खाण्याचं वर्णनही केलं आणि सावकाराची वहीही उघडली. वॉशिंग्टन आणि ड्यू बॉइस ज्यावरून भांडले त्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे एकाच माणसाने, त्यांच्याआधी वीस वर्षं, एकत्र सांगून ठेवल्या होत्या. मला हे लक्षात यायला वयाची चाळिशी उलटावी लागली. आठवीत बक्षीस म्हणून 'असूड' कोण देतो?

दुसऱ्या दिवशी सकाळी मामाला विचारलं, कपाशी एवढी मागच्या दारापर्यंत का आणली? मामा म्हणाला, कृषी केंद्राची उधारी आहे, दोन तासं जास्त बसली तर तेवढाच एखादा क्विंटल. मग थोडं थांबून म्हणाला, तुझी आजी होती तोवर तिने मला तिथे वखर घालू दिला नाही.

मामाची नात चौथीत आहे, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत. हल्ली शालेय पोषण आहाराला जोडून शाळांमध्ये परसबाग करायला सांगतात, तशी त्यांच्या शाळेतही आहे. पालक, मेथी, वांगी, शेवग्याची दोन झाडं, आणि जे निघेल ते खिचडीत जातं. ती मला हात धरून दाखवायला घेऊन गेली. कुंपणाला जाळी होती, त्यामुळे वांदरांचा प्रश्न नव्हता. कुठला वाफा कोणत्या वर्गाचा, पाणी कुणाची पाळी, मेथी किती दिवसांत येते, सगळं तिने सांगितलं. "आम्ही लावली ती आम्हीच खातो," हे दोनदा सांगितलं. दिवाळीच्या सुट्टीतही पाणी घालायला ती आणि तिची मैत्रीण रोज जातात, बाईंनी किल्ली त्यांच्याकडे दिली आहे. या किल्लीचा तिला जो अभिमान आहे तो वर्णन करण्यापलीकडचा.

शाळेतून तिने दोडक्याच्या बिया आणल्या होत्या आणि पावसाळ्यात घरी गोठ्याच्या कडेला टोचल्या होत्या, कपाशीच्या शेवटच्या तासाच्या आणि भिंतीच्या मध्ये जी वीतभर जागा उरते तिथे. पाच बिया. दोन उगवल्याच नाहीत, दोन वेल फवारणीने करपले. एक वाचला. तो भिंतीवरून गोठ्याच्या टिनावर चढलाय. मामीने वांदरांना दिसू नये म्हणून त्यावर आपलं जुनं हिरवं लुगडं टाकलंय, आणि निघताना मला त्याच्याखालून हात घालून दोन दोडके काढून दिले. पुण्यात भेटतात गं मामी, म्हटलं, तर म्हणाली, "भेटत असतीन. ने."